मिनिटाला सतरा चूड

हनुमंताची वैष्णवी पुण्याला विद्यापीठात काय शिकते, हे पासलीत कुणालाच धड ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर हनुमंतालाही नव्हतं. नाव तेवढं पाठ होतं. औद्योगिक तंत्रज्ञान. पारावर तो ते दोनदा म्हणायचा, एकदा सावकाश आणि एकदा भरभर, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटावं ह्याला सगळं कळतंय. पण कुणी पुढं विचारलंच, "म्हंजी मशिनी दुरुस्त करनार का?" की गडी खोकायला लागायचा.

वैष्णवीनं त्याला एकदा नीट समजावलं होतं. "तात्या, मशिनीचं शिकत्यात ते वेगळे. आमी काम शिकतो. दहा माणसं जे काम करत्यात ते सातांत कसं होईल, माल कुठं अडतो, माणूस कुठं थकतो, हात कुठं कापंल, हे बघायचं. म्होरं कुणी मालाची तपासणी करतं, कुणी सुरक्षेचं बघतं, कुणी कामाचं नियोजन करतं, कुणी कामाला किती वेळ लागतो ते मोजतं."

"मंग ऱ्हायलेली तीन मानसं कुठं जात्यात?"

"दुसऱ्या कामाला लावत्यात."

"आसं व्हय," हनुमंत म्हणाला आणि विळ्याला धार लावत बसला. तो स्वतः दोन वर्षं वरव्याकडं एका कंपनीत कंत्राटी होता. ते दुसरं काम कुठं असतं, त्याचा पत्ता त्याला काही लागला नव्हता. "आमच्याकडं घड्याळवाला यायचा," थोड्या वेळानं तो म्हणाला. "तो आला की आमी समदे मुद्दाम हात जड करायचो."

वैष्णवी हसली. तिला वाटलं, बापाला गंमत सांगायची आहे.

यंदा तिचं शेवटचं वर्ष. वर्गातल्या बाकीच्यांना उन्हाळ्यात कुठं ना कुठं कंपनीत शिकायला जागा मिळाली, हिला मिळाली नाही. कुणाचा मामा होता, कुणाचा काका होता. हिच्या ओळखीत पासलीचं पोस्ट नाही तर वेल्ह्याचा एसटी कंट्रोलर. शेवटी मंदार सरांनीच तोडगा काढला. सर भोरचे, वीस वर्षं कारखान्यात काढून मग शिकवायला आलेले. म्हणाले, "कंपनी नाही तर नाही. तुझ्या गावात लोक काम करतात की नाही? त्याचा अभ्यास कर. वेळ लाव, मोज, तक्ता कर. चांगला झाला तर मी दाखवीन कुणाला तरी."

आणि जुलै संपताना पासलीत काम एकच. भाताची लावणी.

पासलीत लावणी सावडीनं होते. आठ घरांची सावड. प्रत्येक घरानं रोज एक माणूस द्यायचं आणि पाळीपाळीनं आठही घरांची खाचरं लावून काढायची. आज तुझ्यात, उद्या माझ्यात. कुणाच्या घरची सून येते, कुणाच्या घरची म्हातारी येते, कुणाची बाळंतपणातून नुकती उठलेली असते. माणूस म्हणजे माणूस आणि दिवस म्हणजे दिवस. ज्याच्या घरचं माणूस आलं नाही, त्याच्या खाचरात कुणी उतरायचं नाही, एवढा एकच कायदा. रोजानं बाई शोधायला जावं तर अख्ख्या तालुक्यात त्या दिवसांत मोकळी बाई सापडत नाही.

वैष्णवीची आई बायडाबाई हनुमंताच्या घरची म्हणून सावडीत होती. वैष्णवी आपली वरकड. बांधावरून रोपाच्या मुठी वाटायच्या, आणि मधनंच प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला मोबाईल काढून घड्याळ लावायचं. एक मिनिट. कोण किती चूड लावतं. चूड म्हणजे चार-पाच रोपांची एक चिमूट, अंगठ्यानं चिखलात खुपसायची. मिनिट झालं की वहीत आकडा.

"फोटू काढती का गं?" ठकुबाई खालनं ओरडायची. ठकुबाई म्हणजे पन्नाशीची, काळीशार, हात आणि तोंड सारख्याच वेगानं चालणारी बाई. "डाव्या अंगानं काढ बाई, उजव्या अंगाला दात न्हाईत माझं."

"फोटू न्हाई काकू, वेळ मोजतीय."

"माजी येळ भरली का बघ मंग!"

सगळ्या बाया खिदळायच्या. पाऊस पाठीवर पडत असायचा, बायांच्या पाठीवरची प्लास्टिकची खोळ फडफडायची, आणि पाय पिंढऱ्यांपर्यंत चिखलात. तीन दिवस वैष्णवीनं मोजलं. संध्याकाळी घरी चुलीपाशी बसून तक्ता केला. सरळ रेषा, रकाने, नाव, मिनिटाला चूड, शेरा. पहिल्यांदाच तिला वाटलं की आपण शिकतो ते खरंच काहीतरी आहे. आकडे खोटं बोलत नव्हते. आठ बायांची रांग मागं मागं सरकत जाते, आणि सगळी रांग एका ठिकाणी थांबते. कुठं थांबते ते तिला कागदावर स्पष्ट दिसलं. पोरगी नुसती हरखून गेली. तक्त्याचा फोटो काढून तिनं त्याच रात्री सरांना पाठवला.

शुक्रवारी पाळी ठकुबाईची होती. दुपारी बाया बांधावर जेवायला बसल्या. ज्याचं खाचर त्याच्या घरचं जेवण. ठकुबाईनं नाचणीच्या भाकरी आणि खेकड्याचं कालवण आणलं होतं. वैष्णवीची वही तिच्या पिशवीतून डोकावत होती.

"वाच की गं," ठकुबाई म्हणाली. "तीन दिस आमच्याकडं बघून लिवतीस. काय लिवलंस ते कळू दे तरी."

"राहू द्या काकू, कॉलेजचं हाय."

"आता गं बया! आमचंच लिवायचं आनि आमालाच न्हाई वाचायचं?"

"वाच, वाच," गेनबाची सून शिवानीही म्हणाली.

आता इथं पोरीनं वही मिटून ठेवायला हवी होती. पण कौतुक कुणाला नको असतं? तीन वर्षं घरात कुणाला आपलं शिक्षण कळत नाही म्हणून ती मनातून खट्टू होती. तिनं भाकरी खाली ठेवली, हात पुसले आणि वाचायला लागली, ते सुद्धा वर्गात वाचतात तसं मोठ्यानं.

"ठकुबाई. मिनिटाला चौतीस चूड. शेरा, अतिशय जलद."

"घ्या! लावा मला कंपनीत!" ठकुबाईनं मांडीवर थाप मारली.

"बायडाबाई, एकतीस. शिवानी, तीस. शेरा, फोनकडं लक्ष."

शिवानी लाजली, बाया फिसकन हसल्या. असं एकेक नाव येत गेलं आणि एकेक हशा होत गेला. शेवटचं नाव आलं तेव्हाही पोरगी हसतच होती.

"रतनबाई. मिनिटाला सतरा चूड. शेरा, अडथळा."

रतनबाईचा घास हातातच राहिला. सत्तरीची बाई, अंगानं वाळलेली, बोटं संधिवातानं वाकडी. गावात कुणाच्याही खाचरात पहिली मूठ तिच्या हातानं लागायची. नवरा गेला, मुलगा पुण्यात वॉचमन, सून सोनिया रोज पहाटे वेल्ह्याहून कंपनीच्या गाडीनं नसरापूरकडं कामाला. सावडीत त्या घरचं माणूस म्हणजे ही रतनबाई.

"सतरा?" ती म्हणाली.

"व्हय आजी. म्हंजी तुमचा दोष न्हाई. पण सगळी रांग तुमच्यासाठी थांबते ना, म्हणून पुस्तकात त्याला अडथळा म्हणत्यात." वैष्णवीला वाटलं, उपाय सांगितला की बरं वाटेल. "म्या हिशोब करून बघितला. तुमाला रांगेत न घेता बांधावर बसवून मुठी वाटायला दिल्या, तर अख्खं खाचर सव्वा तास आदी उरकतं."

मुठी वाटायचं काम पोरासोरांचं असतं. बायडाबाईनं लेकीकडं असं बघितलं की पोरीच्या हातातली वही आपोआप मिटली.

रतनबाईनं उरलेली भाकरी खाल्ली, पाटाच्या पाण्यात हात धुतले आणि सगळ्यांच्या आधी खाचरात उतरली. दुपारभर ती भराभरा लावायला गेली. बोटं ऐकत नव्हती. चूड नीट रुतत नव्हते, मागं पाण्यावर तरंगून येत होते. तिच्या शेजारची ठकुबाई ते गुपचूप पुन्हा खुपसत होती. दिवेलागणीला रतनबाई सरळ झाली, कमरेवर हात ठेवून थोडी उभी राहिली आणि घरी गेली.

"शिकून शान्या झालात व्हय," बायडाबाई घरी येता येता म्हणाली. "म्हातारीची चारचौघींत मान खाली घातलीस."

"आई, म्या खोटं काय लिवलं?"

"खरं लिवलंस म्हनूनच जीव जळतोय माजा!"

शनिवारी गेनबाच्या खाचरात रतनबाई आली नाही. सावडीत सात बाया. उभं राहायच्या वेळी रांगेत एक जागा मोकळी राहिली, बांधाकडची. ठकुबाई म्हणाली, "आज तिची गेली. उद्या माजे गुडघे गेले की माजी जाईल. मंग मलाबी बांधावर बसवतील." गेनबाच्या सुनेनं फोन आणलाच नव्हता.

वैष्णवीचा पाय घरात ठरेना. संध्याकाळी ती रतनबाईकडं गेली. म्हातारी ओटीवर तांदूळ निवडत बसली होती.

"आजी, माझं चुकलं."

"काय चुकलं?"

"म्या तसं लिवायला नको व्हतं."

"खोटं लिवलंस का?"

वैष्णवीनं सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

"सांग की. खोटं हाय का ते? सतरा न्हाईत, पंचवीस हायेत, आसं हाय का?"

"न्हाई."

"मंग माफी कशाची मागतीस?" रतनबाईनं सूप झटकलं. "तुजं बरोबर हाय. माझ्या घरी दुसरं मानूस न्हाई. सोनियानं खाडा केला तर तिला काढून टाकत्यात. माजं खाचर गुरुवारी हाय. पडलं तर पडंल. माज्यापायी कुनाचा सव्वा तास नको जायाला."

"तसं नका बोलू आजी."

"जा घरी. तुझ्या बापानं रोपं उपटाय घेतली असतील. उद्या तुमची पाळी ना?"

होती. हनुमंतानं शनिवारी दुपारीच वाफ्यातलं सगळं रोप उपटून मुठी बांधल्या होत्या आणि पाण्यात उभ्या करून ठेवल्या होत्या. चार खाचरांचं रोप. उपटलेलं रोप दोन दिवस टिकतं, ओढून ताणून तिसरा. मग पिवळं पडतं आणि लावलं तरी धरत नाही. दुसरं रोप नाही. पेरायची वेळ महिन्यापूर्वीच गेलेली.

रविवारी सकाळी बायडाबाईनं वीस भाकरी थापल्या, सुकट भाजली, कांदे चिरले. सात वाजले, साडेसात झाले. खाचरात चिखल करून ठेवलेला, वर ढग उतरलेले, आणि बांधावर कुणी नाही. आठला गेनबाचा नातू आला आणि निरोप सांगून पळाला. "ठकुआजी म्हनली, आमाला मोजून घ्यायचं न्हाई."

हनुमंतानं लेंगा वर खोचला आणि खाचरात उतरला. पुरुष सहसा लावणी करत नाहीत. त्याचे चूड आडवेतिडवे पडत होते. तिघांनी मिळून दिवसभरात एक खाचर कसंबसं उरकलं. वैष्णवीच्या कमरेत आग पेटली होती. उभं राहायला गेली की डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. तिच्या मनात नको नको म्हणताना हिशोब चालायचाच. तिघं, एक दिवस, एक खाचर. उरलेली तीन, आणि रोपाला दोन दिवस. तिला स्वतःचाच संताप आला.

संध्याकाळी भाकऱ्या तशाच टोपलीत होत्या. बायडाबाई त्यांच्याकडं बघत बसली. तेवढ्यात फोन वाजला. मंदार सर.

"वैष्णवी! अगं तुझा तक्ता मी नसरापूरजवळच्या कंपनीतल्या शुभ्रा मॅडमना दाखवला. त्यांना इतका आवडला! पहिलं वाक्य काय म्हणाल्या माहितीये? 'ह्या मुलीला अडथळा शोधता येतो.' उद्या दहाला बोलावलंय. शिकाऊ म्हणून घेतील, परीक्षा झाली की कायम. उशीर करू नकोस, त्या वेळेच्या फार पक्क्या आहेत."

"हो सर," वैष्णवी म्हणाली. तिला आनंद झाला, खोटं कशाला बोला, अगदी पोटातून झाला. आणि त्याच वेळी समोरच्या टोपलीतल्या भाकऱ्या दिसत होत्या. एकाच कागदानं तिचं भलंही केलं होतं आणि वाटोळंही.

"साडेसातची एसटी धर," हनुमंत म्हणाला. "हितलं आमी बघतो."

"काय बघता? दोन मानसं तीन खाचरं लावनार का?" बायडाबाई म्हणाली. मग तीच म्हणाली, "जा बाई तू. म्या उद्या कुंडलिकाच्यात जाती."

"आपल्यात कुणी आलं न्हाई, आनि तू त्यांच्यात जायाचं?" हनुमंत तडकला.

"आपली बाजू आपन पाळायची. त्यांनी सोडली म्हनून म्या सोडू?"

रात्रभर वैष्णवी ह्या कुशीवरून त्या कुशीवर. पहाटे तिनं इस्त्रीचा ड्रेस काढला, खुंटीवर लावला, त्याच्याकडं बघितलं, आणि जुनं लुगडं खोचलेल्या आईच्या मागं निघाली. अंगात कालचाच चिखलाचा पंजाबी.

"अगं कुठं? एसटी?"

"चल तू."

कुंडलिकाच्या खाचरापाशी बाया जमल्या होत्या. कुंडलिक दुधाचा टेम्पो चालवायचा. तो बांधावर उभा राहून बायांना घाई करत होता. रांग लागली. बांधाकडची जागा मोकळी होती. वैष्णवी सरळ जाऊन तिथं उभी राहिली.

ठकुबाईनं वर बघितलं. "तू कोनाची?"

"रतनआजीच्या घरचं माणूस म्हणून आलेय. माझ्या घरची आई हाय. आजीच्या घरचे सगळे दिवस म्या भरते. गुरुवारी त्यांच्या खाचरात उतरा म्हंजी झालं."

"आनि मोबाईल?"

"घरी."

ठकुबाईनं चुळबुळ केली, बाकीच्यांकडं बघितलं. कायदा बघितला तर बोलायला जागा नव्हती. घरानं माणूस द्यायचं. कोणतं द्यायचं ते घर ठरवतं. पण ह्या घराला कुणी विचारलंच नव्हतं. "लावा," ती शेवटी म्हणाली.

वाकून दहा मिनिटं झाली असतील. खाली रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजला, वळणावर पुन्हा वाजला आणि लांब गेला. वैष्णवीनं मान वर केली नाही. डोळ्यांतून पाणी आलं ते पावसात कुणाला दिसायचं नव्हतं. एवढ्यात वरच्या अंगाच्या पायवाटेवरून पायांचा आवाज आला. रतनबाई. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, डोक्यावर खोळ, आणि चेहरा असा की कुंडलिकसुद्धा बांधावरून बाजूला झाला. तिची ओटी वर टेकाडावर होती. तिथून सगळी खाचरं दिसायची.

"माझ्या जागंवर कोन हाय?"

"आजी, तुमच्या घरचं..."

"माझ्या घरचं मानूस आजून म्या हाय! मेले न्हाई!" म्हातारी खाचरात उतरली. "सरक. तुझ्यासारख्या पोरीनं माजं दिस भरायचे? उद्या म्हनशील तुमची भाकर बी म्या खाती. सरक म्हनते ना!"

वैष्णवी सरकली. कुठं सरकायचं तेही कळेना. रांग भरली होती. ती बांधावर जाऊन उभी राहिली, पिंढऱ्यांपर्यंत चिखल, हातात अर्धी मूठ.

"आता काय बघती?" रतनबाईनं वाकल्या वाकल्या विचारलं. "मोजाय थांबलीस का?"

पहिली ठकुबाई हसली. मग शिवानी. मग सगळी रांगच फुटली. बायडाबाईला मात्र हसू येईना. ती भडभडून बोलली, "आत्याबाई, आज हिची नोकरीची मुलाखत व्हती वो. दहा वाजता, नसरापूरला. तुमच्यापायी एसटी सोडली पोरीनं."

रतनबाई सरळ झाली. दोन्ही हात कमरेवर.

"येडी का खुळी!" ती वैष्णवीवर ओरडली. "तीन वर्सं शिकून एवडंबी कळंना? आनि तू गं बायडे, आई का कोन? कुंडलिका! टेम्पो काढ."

"आजी, माजं खाचर लावायचंय, दूध तर कवाच पोचवलंय म्या..."

"खाचर आमी लावतोय, तू लावत न्हाईस. तू नुसता उभाच हायेस. काढ टेम्पो." मग बायांकडं वळली. "आनि आइका. उद्या हनुमंताच्यात. त्याचं रोप उपटून पडलंय, पाप लागंल. जी येनार न्हाई तिनं गुरुवारी माझ्यात येऊ नये. ठके, आइकतीस ना?"

"आइकते की," ठकुबाई म्हणाली. "म्या कुटं काय म्हनलं?"

टेम्पोत रिकाम्या कॅनचा खडखडाट आणि नासक्या दुधाचा वास. घरापाशी टेम्पो थांबला तेवढ्यात वैष्णवीनं ड्रेस पिशवीत कोंबला. वेल्हे गेलं, मार्गासनी गेलं, आणि कुंडलिक सारखा पुटपुटत होता की माझ्या खाचरात पाणी किती ठेवायचं ते बायांना कळायचं नाही. एका पेट्रोलपंपाच्या मोरीत तिनं कपडे बदलले. कंपनीच्या दारात पोचली तेव्हा दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. नखांतला चिखल निघाला नव्हता.

शुभ्रा मॅडम चाळिशीच्या, शांत आवाजाच्या. घड्याळाकडं त्यांनी एकदाच बघितलं.

"वीस मिनिटं. कारण?"

"लावणी होती मॅडम."

त्यांना ते खोटं वाटलं नाही; नखं दिसतच होती. तक्ता त्यांच्या टेबलावर छापून ठेवलेला होता. त्यांनी बोट शेवटच्या ओळीवर ठेवलं. "ह्या रतनबाईंना शेवटी रांगेतून काढलंत का?"

"नाही मॅडम. त्यांनीच मला काढलं."

मॅडम हसल्या. अगदी मनापासून हसल्या. मग त्यांनी तिला आतल्या खिडकीपाशी नेलं. खाली मोठ्या खोलीत एका ओळीत चाळीस मुली बसल्या होत्या, गाडीच्या वायरींच्या जुड्या बांधत. सगळ्यांच्या माना खाली, हात सारखे चालू. डोक्यावर निळ्या टोप्या.

"तुमचं काम इथं. दर शनिवारी मला एक यादी लागेल. सगळ्यांत जलद पाच, सगळ्यांत संथ पाच."

"संथ पाचांचं काय होतं मॅडम?"

"कंत्राटी आहेत सगळ्या," मॅडम म्हणाल्या. त्यांनी ते वाईट तऱ्हेनं सांगितलं नाही. पाऊस आहे, असं सांगावं तसं सांगितलं. "एक तारखेपासून यायचं. जमेल?"

वैष्णवी खाली बघत राहिली. बापाची वरव्याची दोन वर्षं तिला आठवली, आणि सरांचा फोनवरचा हरखलेला आवाज. वर्गातले मामा-काकावाले आठवले. तिला नोकरी हवी होती. नको म्हणायची तिची ऐपत नव्हती, आणि इच्छाही नव्हती, आणि ह्याची तिला लाज वाटली.

"जमेल," ती म्हणाली.

मंगळवारी सकाळी साडेसहालाच हनुमंताच्या बांधावर आठही घरं हजर होती. मुठींची टोकं पिवळी पडायला लागली होती. अजून एक दिवस गेला असता तर संपलंच होतं. रतनबाईनं पहिली मूठ लावली. नंतर रांग सुरू झाली, आणि ती चालली रतनबाईच्याच चालीनं. ठकुबाईचे हात मधनंच थांबायचे, ती पाठ मोकळी करायची, दोन शब्द बोलायची, आणि म्हातारी बरोबरीला आली की सगळ्या एकदम मागं सरकायच्या. वैष्णवी तीन दिवस बांधावर उभी राहून मोजत होती, तेव्हा हे तिच्या डोळ्यांसमोरच चाललं असलं पाहिजे. तिनं त्याला थांबणं म्हटलं होतं.

आज मुठी हनुमंत वाटत होता. सावडीत घरची बायडाबाई होतीच, पण खाचर घरचं, म्हणून वैष्णवीही रतनबाईच्या शेजारी वाकली होती.

"काय म्हनला सायब?" रतनबाईनं विचारलं.

"मॅडम हायेत. घेतलं मला."

"ब्येस झालं. काम काय देनार?"

वैष्णवीचा एक चूड लावायचा राहिला. सांगायचं नव्हतं, पण म्हातारीशी खोटं बोलायची हिंमत तिच्यात उरली नव्हती.

"तेच आजी. मोजायचं. चाळीस पोरी हायेत. शेवटच्या पाच कोन त्या शनवारी सांगायच्या."

रतनबाईचे हात चालूच राहिले. एक चूड, दुसरा, तिसरा. वाकड्या अंगठ्यानं प्रत्येक नीट दाबत.

"माजी सोनियाबी तसल्याच ठिकानी बसती," ती म्हणाली. "तिलाबी कुनीतरी मोजतच आसंल. घरी येऊन बोलत न्हाई, हात शेकत बसती." मग तिनं पुढची मूठ सोडली. "मोज बाई. पोटापायी मोजावं लागलं तर मोज. फकस्त मानसं जेवाय बसली आसली की वाचू नगंस."